डाव्या हाताचा नमस्कार

मागच्या महिन्यात मामा गेले. घर पुण्यात सदाशिव पेठेत, वैकुंठ स्मशानभूमी नव्या पेठेत, मध्ये काय तो शास्त्री रस्ता. 'एवढ्याशा अंतराला पुष्पक शववाहिका कशाला? खांद्यावर नेऊ,' असं ठरलं. ठरवणाऱ्यांपैकी एकानेही गेल्या दहा वर्षांत शास्त्री रस्ता पायी ओलांडला नव्हता.

सिग्नलचे चार सेकंद उरले असताना मडकं धरलेला मामेभाऊ पलीकडे गेला. तिरडी पोचेपर्यंत दिवा लाल. मडकं आणि तिरडी यांच्या मधून कोणी जायचं नाही, असं गुरुजींनी निघताना दोनदा बजावलं होतं. मधून गेले ते असे : अकरा स्कूटर, दोन रिक्षा, एक टेम्पो आणि जेवणाचे डबे पोचवणारा एक पोरगा. तो निदान 'सॉरी' म्हणाला. एक बसवाला तेवढा थांबला; पण आमचे बसवाले थांबा सोडून कुठेही थांबतात, त्यामुळे तो आदर की सवय, हे कळायला मार्ग नाही. मामांनी हयातीत सिग्नल पाळल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. त्या दिवशी मात्र ते झेब्रा पट्ट्यांच्या मागे शिस्तीत थांबले.

आपल्याकडे गेलेल्या माणसाचा मान ठेवत नाहीत, असं कोणी म्हणू नये. अकराच्या अकरा स्कूटरवाल्यांनी नमस्कार केला. कपाळाला बोटं, मग छातीला, एकाने तर ओठांनाही. आता स्कूटरची रचना बघा. वेग वाढवायची मूठ उजव्या हातात, म्हणून नमस्काराला डावा हात मोकळा होतो. मागचा ब्रेक नेमका त्याच डाव्या हाताखाली. म्हणजे श्रद्धा दाटून आली, की पहिल्यांदा सुटतो तो ब्रेक. प्रसाद डाव्या हाताने घेतला तर आजी हातावर चापट मारायची. मयताला मात्र डावा चालतो, आणि तोही चाळीसच्या वेगात.

शिवाय कामाला निघताना प्रेत समोर आलं तर काम फत्ते होतं, असा शकुन आहे. तो सगळ्यांना ठाऊक असतो. शकुन पदरात पडला, की त्याला ओव्हरटेक करून काम गाठायचं. माझा खांदा तिरडीखाली असताना मागून एकाने अदबीने विचारलं, "काका, जरा कडेला घेता का?" मी मान वळवून सांगणार होतो, की कडेला घ्यायला हा काही हातगाडीचा माल नाही, पण तिघांच्या पावलात पाऊल ठेवून चालताना मान वळवता येत नाही.

पूर्वी म्हणे लोक चपला काढून, टोपी उतरवून उभे राहत. टोप्या गेल्या, हेल्मेट आली. ती आपण निघतानाच घरी उतरवून ठेवतो, तेव्हा तेवढी प्रथा टिकली म्हणायची.

कायद्याचं म्हणाल, तर २०१९ पासून रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात तिरडीचं नाव नाही. माणूस रुग्णवाहिकेत आहे तोवर कलम आहे. पुढचा प्रवास ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करायचा.

आणि आम्हाला थांबता येत नाही असंही नाही. तिथूनच जवळ, अलका चौकात, दिवस उलटून गेला तरी न संपणारी विसर्जन मिरवणूक आम्ही टाचा उंचावून पाहतो. वरातीत नवरदेवाचा मित्र रस्त्यावर लोळून नाचतो, तेव्हा गाडी बंद करून त्याचा व्हिडिओ काढतो. मामांना तिरडीवर बांधताना ढोल-ताशा पथक सांगायचं राहिलं, ती चूक आमचीच.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी अंत्ययात्रा आडवी आली तर नमस्कार राहू द्या. दोन्ही हात ब्रेकवर असू द्या. मामा राग मानणार नाहीत.