पाखरांची हजेरी

एका वर्षात जास्तीत जास्त जातींचे पक्षी बघायचे, असाही एक विक्रम असतो. १ जानेवारीला दुर्बीण गळ्यात, ३१ डिसेंबरला हिशेब बंद. २०१५ साली शशांक दळवी यांनी भारतात ११२८ जाती नोंदवल्या. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या आर्यन ड्वार्सहाउस यांनी जगभर फिरून ६८५२. म्हणजे रोज सरासरी १८-१९ नव्या जाती! पक्ष्याने मान वळवेपर्यंत पाहुणा पुढच्या विमानात.

दळवींचा अभ्यास दांडगा. अडचण आहे ती त्यांची नक्कल करणाऱ्या हौशींची. नागपूरपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे ते कशाला फिरकतील? इथे संत्र्याच्या बागेत सातभाई कचाकचा भांडतात, कुंपणावर लालभडक डोळ्यांचा भारद्वाज ऐटीत चालतो. पण हे दोघे नागपुरातच 'उरकले' असतात. एकदा यादीत खूण झाली की पक्षी संपला! महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल मध्य प्रदेशातल्या उंबरावर बसला, तरी जादा गुण मिळत नाहीत.

इथल्या आजोबांना मात्र तोच भारद्वाज रोज दिसला तरी रोज शुभशकुनच. त्यांच्या नावावर विक्रम नाही, तक्रारही नाही.

विक्रमवीरांनो, यादी खुशाल वाढवा; पण एखाद्या पक्ष्याकडे दुसऱ्यांदाही बघत जा.