चटणी उरली आहे

ओल्या नारळाच्या चटणीच्या चवीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बेंगळुरूत बसवनगुडीच्या बाजूला भाड्याने राहणाऱ्या मराठी माणसाने त्या बाबतीत तोंड उघडू नये, हे मला मान्य आहे. आपल्याकडे तिच्यात चिमूटभर साखर घालणारी घरं आहेत, तेव्हा मताचा हक्क आपण आधीच गमावून बसलो आहोत. माझी तक्रार फक्त प्रमाणाची आहे. घरच्या ताटात इडली आणि चटणी एकदम संपल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दोषाची सुरुवात नारळापासून होते. आम्ही घरात दोघंच. दोघांच्या इडल्यांना पाव नारळ पुष्कळ झाला. पण पाव नारळ विकत मिळत नाही आणि फोडताही येत नाही. फोडला की त्याची दोन भकलं होतात. त्यातलं एक फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होतं आणि फेकताना जीव जातो. म्हणून शहाणी माणसं दोन्ही भकलं खवून मोकळी होतात. ज्या गावात एक कॉफी दोन पेल्यांत बिनबोभाट ‘बाय टू’ करून मिळते, दोन्ही पेल्यांतला फेससुद्धा सारखा असतो, त्या गावाला नारळाचे चार भाग करण्याची सोय सुचू नये याचं नवल वाटतं. शिवाय नारळ खवट आहे की नाही, हे फोडल्यावरच कळतं. विकणारा मात्र तो कानाशी हलवून ‘सूपर’ म्हणतो आणि पैसे आधी घेतो.

मग मिक्सर. त्याच्याबरोबर येणाऱ्या सगळ्यांत लहान भांड्याला चटणीचं भांडं म्हणतात. त्यात दोघांपुरतं खोबरं टाकलं, तर पाती खाली गरगर फिरतात आणि खोबरं भिंतीला चिकटून तमाशा बघत बसतं. त्याला खाली आणायला पाणी घालावं लागतं. तेही गार हवं, नाहीतर पाती तापून खोबऱ्याला तेल सुटतं. पाण्याने चटणी पातळ झाली की तिला अंग यावं म्हणून डाळवं. इथे त्याला हुरिगडले म्हणतात. डाळवं लबाड असतं. वाटताना ते गप्प राहतं आणि वाडग्यात काढल्यावर सावकाश पाणी प्यायला लागतं. दहा मिनिटांत चमचा उभा राहतो. पुन्हा पाणी, मग मीठ कमी, मग मिरची कमी, मग थोडं आलं आणि शेवटी चिंचेचं बुटुक. चटणीतली प्रत्येक चूक काहीतरी घालूनच सुधारता येते, काढून सुधारता येत नाही. फोडणी तेवढी अगदी नेमकी होते: मोहरी, उडदाची डाळ, हिंग, कढीपत्ता आणि रंगाने लाल, स्वभावाने गरीब अशी ब्याडगी मिरची. ती मूळच्या दोन माणसांनाच पुरते.

आमच्या घरमालकीण अज्जींकडे मागच्या अंगणात दगडी ओरळु आहे. त्या म्हणतात, पूर्वी यावर वाटायचो तेव्हा चटणी कधी उरत नव्हती. का उरेल? हात दुखला की चटणी पुरे व्हायची.

हॉटेलवाल्यांना हा ताप नाही. गांधी बाजारातल्या १९४३ सालच्या विद्यार्थी भवनात वाढपी चटणीचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरतात आणि डोशाच्या शेजारी ओतत जातात. उभ्याने खायच्या दर्शिनीत तर वाटी पुढे केली की चटणी पडते. तिथे उरलेली चटणी ही आपली जबाबदारी नसते. घरी ती सकाळी आठला जन्मते आणि दिवसभर आपल्याकडे बघत राहते.

कारण ओल्या नारळाची चटणी टिकत नाही. बाहेर राहिली तर संध्याकाळपर्यंत आंबूस लागते आणि फ्रीजमध्ये ठेवली तर थापी होते. म्हणजे चार वाजेपर्यंत तिच्यासाठी एखादं वाहन शोधणं आलं. माझा असा सिद्धांत आहे की दक्षिणेतला चारचा खाऊ सकाळची चटणी संपवण्याच्या गरजेतून जन्माला आला. मिरचीची भजी, कच्च्या केळ्याची भजी, बोंडा, डाळीचा वडा, सगळे त्या वाडग्याकडे बोट दाखवत येतात. इतिहासकारांनी याची नोंद घेतलेली नाही. त्यांच्या घरी चटणी उरत नसावी.

पण भज्यांचं पीठही नेमकं भिजत नाही. केळं संपतं आणि पीठ उरतं, म्हणून बटाटा चिरायचा. बटाटा संपल्यावरही पीठ उरतं, म्हणून कांदा. शेवटी पाव. तोवर चटणीचा वाडगा चाटूनपुसून स्वच्छ झालेला असतो आणि परातीत भज्यांचा ढीग असतो. कोरडी भजी घशाखाली उतरत नाहीत. मग आतून आवाज येतो, ‘अहो, येताना एक नारळ आणा.’

वर चहा. तिखट भजी आणि वाफाळता चहा ही जोडी कुणी लावली, त्याच्या जिभेची चौकशी व्हायला हवी. भजं झोंबलं म्हणून घोट घ्यावा, तर घोट पोळतो आणि भजं आणखी झोंबतं. हे दुःख सांगावं तर समोरचा म्हणतो, कॉफी घ्या. कॉफी त्याहून गरम असते.

चटणीवाचून जगणारे पदार्थही इथे आहेत, नाही असं नाही. चक्कुली, कोडुबळे, निप्पट्टु, हळद-मिरी लावलेले काँग्रेस कडलेकाई. हे डब्यात राहतात, कुणाकडे काही मागत नाहीत आणि गाडीतही खाता येतात. पण अज्जींनी मला कोरडा निप्पट्टु खाताना पाहिलं की त्यांना माझी दया येते आणि त्या चटणी आणून देतात.

ती चटणी दोडक्याच्या सालींची असते. दोडक्याच्या शिरांची चटणी आपणही करतो, त्यामुळे नको म्हणायला तोंड नाही. स्टीलचा डबा रिकामा परत करू नये हा नियमही दोन्ही राज्यांत सारखाच. घरात तेव्हा भरून देण्यासारखं काय असतं? नारळाची चटणी. वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींकडून तोगयल येतं, समोरच्या आंध्रवाल्यांकडून आल्याची पच्चडी येते, आणि आमचा वाडगा कालांतराने त्यांच्याकडे पोचतो. डबे फिरत राहतात आणि इमारतीतली एकूण चटणी तेवढीच राहते. परवा एक चटणी मला ओळखीची वाटली. मी काही बोललो नाही.

चटणी पुडी महिनोन्महिने टिकते, ती ठेवा, असा सल्ला मिळाला होता. ठेवली. तिच्यात खळगा करून तेल घालतात. तेल उरलं की पुडी घ्यायची, पुडी उरली की तेल. त्या बरणीविषयी यापेक्षा जास्त लिहिण्याची माझी इच्छा नाही.

आजचा वाडगा पाऊण भरलेला आहे. बसवनगुडीच्या आसपास राहणाऱ्या वाचकांनी चारनंतर जरूर यावं. इडल्या आपापल्या आणाव्यात, हव्या तेवढ्या. डबा मात्र आणू नये, तो स्वीकारला जाणार नाही.