बॉनेटकाका

बॉनेट उघडल्याचा आवाज काही मोठा नसतो. आतून खटका ओढला की एक ‘टक्’ होतं, मग फटीत बोटं घालून दुसरी कडी चाचपायची. पण तेवढ्या ‘टक्’वर आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही बंद होतो, सपाता फरफटतात आणि लिफ्टची वाट न बघता एक गृहस्थ जिन्याने उतरू लागतात. बॉनेटला दांडी लागते न लागते तोच ते हजर. अंगात अर्ध्या बाह्यांचा बनियन, हात पाठीमागे, मान इंजिनावर झुकलेली. ‘काय झालं?’ असं ते विचारत नाहीत. तो प्रश्न अडाण्यांचा. ते म्हणतात, ‘चालू कर बघू.’

पोरांनी त्यांचं नाव बॉनेटकाका ठेवलं आहे. ते त्यांना ठाऊक आहे आणि मुळीच नापसंत नाही.

चालू करून झालं की ‘बंद कर’. मग ‘परत चालू कर’. मग ‘रेस दे. सोड. परत दे. अरे, एवढी नको!’ मग डोळे मिटून थोडा वेळ शांतता. या शांततेत मालकाची बायको खिडकीतून विचारते, ‘रिक्षा बोलावू का?’ तिला कोणी उत्तर देत नाही. शेवटी काका डोळे उघडतात आणि म्हणतात, ‘मिसिंग आहे.’ गाडी मिसिंग मारते म्हणूनच मालकाने बॉनेट उघडलेलं असतं. पण काकांच्या तोंडून आली की ती बातमी अधिकृत होते.

काकांकडे स्वतःची गाडी नाही, हे सांगायला हवं. होती. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. ती विकून जमाना झाला, पण किल्ली अजून त्यांच्या दारामागच्या खिळ्याला आहे. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली, त्या दिवशी बी विंगमध्ये एक बॉनेट तासभर उघडं होतं आणि काका खाली आले नाहीत. काकू म्हणाल्या, ‘आज त्यांना बरं नाहीये.’ आम्ही समजलो.

काकांची सारी विद्या या एका गाडीने शिकवलेली. तिचं दैवत तीन तोंडांचं: पॉइंट, प्लग आणि कार्ब्युरेटर. पॉइंट काचपेपरने घासावेत, प्लग काढून तारेच्या ब्रशने साफ करावेत, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे असं समजून चालावं. आणि एप्रिल-मे महिन्यांत, घाटात, गाडी गरम होऊन बंद पडली तर पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकावं. हे फडकं म्हणजे काही अंधश्रद्धा नव्हती. पद्मिनीचा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. ते तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पुढे ढकलली जात नाही. फडकं टाकलं, पंप गार झाला, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं, गाडी निघाली. काका कितीतरी घाट असे फडक्यावर चढलेले आहेत. त्यामुळे आजही कोणाची गाडी तापली की ते आधी फडकं भिजवून आणायला सांगतात आणि मग पंप शोधू लागतात.

‘पंप कुठे गेला?’

‘काका, हल्ली पंप टाकीत असतो.’

‘टाकीत? म्हणजे पेट्रोलच्या आत विजेचा पंप?’

‘हो.’

‘आणि त्याच्यावर मागच्या सीटवर तुमची मुलं बसतात?’

यानंतर फडकं हातात तसंच राहतं, थेंब थेंब गळत. काकू ते संध्याकाळी परत मागतात.

पण काका एकटे नाहीत. उघडलेल्या बॉनेटभोवती दहा मिनिटांत एक बैठक भरते आणि तिच्यात जो तो आपल्या जुन्या गाडीचं चरित्र सांगतो. ज्यांची मारुती ८०० होती ते म्हणतात, कचरा. ज्यांनी कंत्राटदारीत जीप चालवली ते पेट्रोलच्या गाडीतही डिझेल फिल्टर बदलायला सांगतात. आयटीतला मुलगा बॅटरीची वायर काढून पाच मिनिटांनी परत लावा म्हणतो. एक गृहस्थ थर्मोस्टॅटविरोधी पक्षाचे आहेत. त्यांच्या मते थर्मोस्टॅट हे थंड देशांचं सोंग असून आपल्या हवेत ते उपटून फेकावं. (थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो आणि त्याआधी पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापून कामाला लागतं. तो काढला की इंजिन गारच फिरत राहतं, गाडीचा संगणक समजतो की अजून सकाळच आहे, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. पण हे त्यांना सांगून बघा!) माणसाला जो रोग एकदा स्वतःच्या गाडीत महागात पडला, तोच त्याला जन्मभर दुसऱ्यांच्या गाडीत दिसतो.

आता बी विंगमधल्या एका मुलाच्या गाडीची हकिकत. दहा-बारा वर्षं चाललेली पेट्रोल हॅचबॅक. लग्नाला साताऱ्याला निघाला, खंबाटकी घाटात पुढे ट्रकची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढ, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. त्याने गाडी बाजूला घेतली, निवल्यावर प्यायच्या पाण्याची बाटली ओतली आणि पुढे गेला. परतीची वाहतूक बोगद्यातून; रस्ता मोकळा, वारा भरपूर, गाडी गुपचूप घरी आली. पण त्यानंतर रोज सकाळी चालू केल्यावर ती थरथरायची, मागून पांढरा धूर टाकायची, इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा मिचकावायची आणि दोन-तीन मिनिटांत शहाण्यासारखी चालू लागायची. कूलंट कमी होत होतं, मात्र खाली जमिनीवर थेंब नाही. सिग्नलला थांबली की परत गरम.

‘आणि एसी सिग्नलला गार करत नाही,’ मुलगा म्हणाला. ‘गाडी पळायला लागली की करतो.’

‘एसी हा वेगळा विषय आहे,’ काकांनी त्याला गप्प केलं. ‘एका वेळी एक बोल.’

मग वाद जुंपला तो असा, की आधी काय? गरम होते म्हणून मिसिंग मारते, की मिसिंग मारते म्हणून गरम होते? पहिल्या पक्षाचे नेते काका, दुसऱ्या पक्षाचे मारुती ८००वाले. दोन्ही बाजूंना पुरावे भरपूर होते आणि सगळे पुरावे विसाव्या शतकातले होते. मध्येच काका काट्याकडे वळले. ‘टेम्परेचरचा काटा काय म्हणतो?’ मुलाने सांगितलं, काटा नाहीच. गार असताना निळा दिवा लागतो, फार तापली की लाल. काका हताश झाले. काटा माणसाला चढता चढता सांगायचा, सावध करायचा. हा दिवा म्हणजे घर जळाल्यावर येऊन बेल वाजवणारा शेजारी. खरं सांगायचं तर या तक्रारीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूने आहे.

आणखी एका बाबतीत मी त्यांना मानतो. वादाच्या भरात आयटीतला मुलगा फडकं हातावर गुंडाळून रेडिएटरच्या टोपणाला हात घालत होता. इंजिन गरमच होतं. काका ओरडले ते असे की गेटवरचा कुत्रा उठून निघून गेला. ‘हात काढ! आधी हात काढ!’ मग त्यांनी शांतपणे समजावलं, आणि त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. ते टोपण म्हणजे कुकरची शिट्टी. आत दाब कोंडून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण काढलंस की दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून वाफेसकट तुझ्या तोंडावर. काकांच्या उजव्या मनगटावर एक जुना पांढुरका डाग आहे. तो त्यांनी त्या वेळी कुणाला दाखवला नाही. एरवी मनगटावरच्या घड्याळाचीही गोष्ट सांगणारा हा माणूस, त्या डागाची गोष्ट कधी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. वयाने तिशीचा, बोलायला चिकट. मोबाइलएवढा स्कॅनर स्टिअरिंगखाली जोडला आणि पडद्यावर आलं: पी ०३०१. म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिसफायर.

‘हे मी काल कानाने सांगितलं,’ काका म्हणाले.

‘बरोबर आहे, काका,’ मेकॅनिक म्हणाला. ‘कुठे ते मशीन सांगतं. का ते सांगत नाही.’

या वाक्यावर काकांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

मेकॅनिकने एक नंबरची कॉइल काढून दोनला लावली, दोनची एकला. कॉइल खराब असती तर मिसिंगही दोनवर गेलं असतं. नाही गेलं. मग त्याने प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. इतरांची टोकं तपकिरी, एक नंबरचा मात्र स्वच्छ, नुकताच धुतल्यासारखा. बैठकीतल्या कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मारुती ८००वाले तर म्हणाले, ‘हा एकच चांगला आहे.’ काकांनी तो प्लग उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेला आणि हळूच म्हणाले, ‘पाणी पितोय.’ मेकॅनिकने मान हलवली. मग निवलेल्या इंजिनाचं टोपण उघडून, पाणी भरून गाडी चालू केली, तर टोपणाच्या तोंडाशी बुडबुडे येतच राहिले. हेड गॅस्केट गेलेलं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात जात होता आणि रात्री पाणी सिलिंडरमध्ये झिरपत होतं. तेच सकाळी पांढरा धूर होऊन निघायचं.

‘म्हणजे आधी गरम झाली,’ काकांनी विजय जाहीर केला.

‘झाली,’ मेकॅनिक म्हणाला. ‘पण का झाली?’

इथे बैठक गडबडली. हेड खोलायचं, फेस मारून सपाट करायचं, नवं गॅस्केट टाकायचं, हा खर्च ऐकून मुलगा खाली बसला होता. त्याला परत उठवून गॅस्केट का उडालं ते शोधायचं, ही कल्पना कुणालाच सुचली नव्हती. रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (‘मी म्हटलं होतं, उपटा!’) अशी नावं पुन्हा फिरली. तेवढ्यात वॉचमन, जो दोन्ही दिवस बैठकीच्या कडेला उभा होता आणि ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मुलाला म्हणाला, ‘दादा, तुमच्या गाडीचा फॅन हल्ली लागत नाही ना? आधी गाडी लावून तुम्ही वर गेलात तरी मिनिटभर घूंऽऽ करायचा. दिवाळीपासून ऐकला नाही.’

मेकॅनिकने फॅनला सरळ बॅटरीवरून करंट दिला. फॅन हलला नाही. मोटर जळालेली. रस्त्यावर पळताना वारा आपोआप मिळायचा, सिग्नलला आणि घाटात सगळी भिस्त या पंख्यावर. तो मेला म्हणून गाडी तापली, आणि तोच एसीच्या जाळीलाही वारा देतो म्हणून एसी सिग्नलला रुसायचा. वेगळा विषय वेगळा नव्हता.

काका वॉचमनकडे वळले. मला वाटलं, आता मान्य करतील. ते म्हणाले, ‘दिवाळीपासून माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंस?’

गाडी आठवड्याने गॅरेजातून आली. जुनं गॅस्केट काकांनी मेकॅनिककडून मागून घेतलं. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्या मधली जळून काळी झालेली पट्टी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. काकूंनी ते दिवाणखान्यातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून जिन्यात हलवलं आहे.

हल्ली मात्र काकांवर कठीण दिवस आलेत, कारण सोसायटीत विजेच्या गाड्या वाढल्या. त्यांना प्लग नाही, पॉइंट नाही, कार्ब्युरेटर नाही. मिसिंग मारायला मुळात फायरिंगच नाही. पहिली आली तेव्हा काका कठड्याला टेकून लांबूनच बघत राहिले. मालकाने कौतुकाने बॉनेट उघडलं, टक् झालं, आणि पाय आपोआप निघाले. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकने झाकलेलं. केशरी रंगाच्या जाड तारा. काकांनी हात पाठीमागे घेतले, मान झुकवली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना कोपऱ्यात एक अर्धपारदर्शक डबा दिसला. वर टोपण, आत रंगीत पाणी.

‘हे काय?’

‘कूलंट, काका. बॅटरी आणि मोटर गार ठेवायला.’

काकांनी कंबर सरळ केली. चेहऱ्यावरचं मळभ गेलं. त्यांनी डब्याच्या अंगावरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि मालकाला म्हणाले, ‘चालू कर बघू.’