पाळण्याला पुरस्कार नाही

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी बाईसारखी बसून नव्हे, तर पुरुषांच्या कापालिक शैलीत उभं राहून पंडवानी, म्हणजे महाभारतातली पांडवांची कथा गायली, म्हणून समाजानं त्यांना वाळीत टाकलं. 2003 मध्ये पद्मभूषण, 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि तोच हट्ट थोर ठरला. आपल्याकडेही तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर आल्या, ही कथा टाळ्यांसकट सांगतात. दिवस भरले तरी त्यांना नाचावं का लागलं, ते मात्र विचारत नाहीत. कलेला त्याग लागतोच, असं कुणी म्हणेल. लागो बापडा, पण दौऱ्यावर निघालेल्या गवयाला ‘मूल कुणाकडे?’ असं कोण विचारतं? शाल-श्रीफळाला पैसे निघतात, रंगपटात पाळणा टांगायला निघत नाहीत. पाळण्यासोबत पाहुण्यांचा फोटो निघत नाही ना!