फुकट मार्गदर्शन करणाऱ्या सरांना

मा. परदेश-शिक्षण मार्गदर्शक सर,


भंडारा रोड स्टेशनबाहेर तुमचा नवा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर मी आहे, असं आमच्या वरठीहून कळलं. फोटोत मी फार प्रसन्न दिसते म्हणे. दिसणारच. तो नागपूरच्या विमानतळावर काढलेला आहे, म्हणजे लंडन बघायच्या आधीचा.

सर्वप्रथम आभार, कारण तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. आजी तेव्हा म्हणाली होती, "फुकटात कोनी कोनाले काई देत नाई जी." आम्ही तिला गप्प केलं. इथे आल्यावर समजलं की माझ्या प्रवेशाचं कमिशन तुम्हाला विद्यापीठाकडून मिळतं, आणि हा धंदा जगभर असाच चालतो. तरी तुमच्या यादीत तीनच विद्यापीठं कशी, हा प्रश्न मला पडायचाच. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा विषय तुमच्या सेमिनारमध्ये निघालाच नाही, त्याचंही कोडं सुटलं. ती जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांसाठी असते आणि तुमची तिन्ही त्या क्रमवारीत शोधायला भिंग लागतं.

विद्यापीठ 'लंडन'चं आहे हे मात्र खरं निघालं. मूळ कॅम्पस दुसऱ्याच शहरात, लंडनमध्ये एका ऑफिसच्या इमारतीत भाड्याचे दोन मजले. खाली जिम आहे. आमच्या स्टेशनवर पाटी भंडारा रोडची, उतरावं तर वरठी, आणि भंडारा अजून ऑटोने गाठायचा. वरठीच्या पोरीला पाटी आणि गाव यांतला फरक शिकवायला कुणी लागत नाही. तरीही तुम्ही तो सोळा हजार पाचशे पाऊंड फी भरायला लावून शिकवलात.

आता तुमचं आवडतं वाक्य घेऊ: "पार्टटाइममध्ये फी निघून जाते." मी आले तेव्हा इथलं किमान वेतन ताशी 12.21 पाऊंड होतं. विद्यार्थी व्हिसावर शिकण्याच्या काळात आठवड्याला वीस तासच काम करता येतं. म्हणजे आठवड्याचे 244 पाऊंड, वर्षाचे बारा हजार सातशेच्या आत. वर्षभर मी जेवले नाही, बसमध्ये चढले नाही आणि थेम्सच्या काठावर झोपले, तरी फीला जवळपास चार हजार कमीच. तुमच्या ऑफिसातल्या पोराने यावरही तोड सांगितली होती: सायकलवरून जेवण पोचवायचं. तो स्वयंरोजगार झाला, आणि विद्यार्थी व्हिसावर तो चालत नाही. पकडलं गेलं तर मी घरी जाईन आणि तुम्ही पुढच्या बॅचला तेच सांगाल. खात्यावर तेव्हा 13,347 पाऊंड सलग 28 दिवस दाखवावे लागायचे, हे तेवढं तुम्ही अचूक सांगितलंत. फायनान्सवालाही तुमचाच होता. व्याज मात्र 28 दिवसांनी थांबलं नाही.

राहते इलफर्डला. खोलीत आम्ही तिघी: मी, गुंटूरची एक आणि जालंधरची एक. तिघींच्या तिकडच्या 'सरां'च्या स्लाइडसुद्धा सारख्याच निघाल्या. सकाळी बाथरूमसाठी नंबर, मग कॅफेत कप धुणं, मग त्या जिमच्या डोक्यावर बसून 'ग्लोबल स्ट्रॅटेजी'. संध्याकाळी आईने दिलेला चिन्नोर तांदूळ कुकरला लावायचा. भाताचं काही नाही, पण वरणाला फोडणी दिली की छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागतं आणि घरमालकाचा फोन येतो. म्हणून थंडीतही खिडकी उघडी ठेवून फोडणी. रात्रीची पाळी असली की कॅफे आवरून बसमधून उतरते तेव्हा इथे साडेअकरा, वरठीत पहाटेचे पाच. आई अंगणात सडा टाकता टाकता फोनवर राहते, मी कुलूप उघडेपर्यंत. मुलींच्या सुरक्षिततेवर तुमची स्लाइड होती: टॉवर ब्रिजजवळ हसणारी एक गोरी मुलगी. दुपारच्या उन्हात.

स्लाइडवर आनंदीबाई जोशीही होत्या. 1883 साली अमेरिकेला गेलेली मराठी मुलगी, टाळ्या. फिलाडेल्फियात तिच्या खोलीतली शेगडी धुराची होती, पेटवली तर धूर आणि विझवली तर थंडी. 1886 मध्ये ती डॉक्टर झाली, 1887 मध्ये गेली. वय एकवीस. हा भाग तुमच्या स्लाइडमध्ये मावला नसावा.

पुढच्या स्लाइडवर बाबासाहेब. ज्या भंडाऱ्याने 1954 च्या पोटनिवडणुकीत त्यांना पाडलं, त्याच जिल्ह्यात आता त्यांचा फोटो लावला की बापाचा हात चेकबुकाकडे लवकर जातो, हे तुम्ही बरोबर हेरलंत. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, नोकरी करून पैसे साठवून आणि वर उसने घेऊन 1920 मध्ये ते पुन्हा आले. त्यांना पैशाचं गणित खरं सांगणारं कुणी भेटलं नसेलही, पण खोटं सांगायला तरी कुणी कमिशनवर बसलं नव्हतं.

शेवटची तक्रार शिक्षणानंतरच्या 'दोन वर्षांच्या वर्क व्हिसा'ची. ही मुदत दीड वर्षावर आणणार असल्याचं ब्रिटिश सरकारने मे 2025 मध्ये जाहीर केलं. तुमचा सेमिनार जूनमध्ये झाला. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे, आणि माझा निकाल लागायचाय डिसेंबरात. पुढे कंपनीने व्हिसा द्यायचा तर नवख्या पदवीधरालाही किमान 33,400 पाऊंड वार्षिक पगार लागतो, एरवी 41,700. तुम्ही म्हणाला होतात, "एकदा पोचली की नोकऱ्यांची लाइन लागते." लागते सर. बाथरूमसमोर.

मी शिक्षण पुरं करणार आहे. प्राध्यापक चांगले आहेत आणि पुस्तकांना मजला कुठला हे कळत नाही. पण तेवढा फोटो उतरवा. नसेल उतरवायचा तर त्याखाली माझा नंबर टाका, आलेल्या प्रत्येक पालकाशी मी बोलेन, तेही फुकट.

आणि वरठी-मोहाडीच्या आईबाबांनो, पुढच्या सेमिनारला जरूर जा, समोसा चांगला असतो. सही करण्याआधी सरांना एवढंच विचारा: या प्रवेशाचे तुम्हाला किती मिळतात, आणि ते कागदावर लिहून द्याल का?

आपली,
फ्लेक्सवरची डावीकडून दुसरी