ग्रंथपालांची बढती

२०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांच्या ग्रंथालयांचं नव्याने बारसं केलं. ग्रंथालय झालं ज्ञानस्रोत केंद्र आणि ग्रंथपाल झाले संचालक. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बॅ. बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालयही आता ज्ञानस्रोत केंद्रच आहे. पाटी लगेच बदलता येते. निवृत्त झालेल्या परिचराची जागा मात्र ‘शासनाच्या मान्यतेच्या अधीन’ राहते.

त्याच विद्यापीठाच्या छत्राखालच्या कराडच्या एखाद्या महाविद्यालयात डोकावावं. ग्रंथपाल एकाच वेळी देवघेव करतात, दाखल नोंदवहीत नोंदी करतात, पुस्तकांवर बारकोड चिकटवतात आणि परीक्षा लागली की पर्यवेक्षणालाही उभे राहतात. वाचकाचा वेळ वाचवा, असं ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगून ठेवलं. ग्रंथपालाचा वेळ कोणी वाचवायचा, हे त्यांच्या पाच सूत्रांत बसलं नाही.

खरी धांदल महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची. ग्रंथालय रोज किती जण वापरतात, हे नॅकला हवं असतं. मग दाराशी नोंदवही येते, पेन सुतळीने बांधलं जातं आणि सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. पंख्याखाली डुलकी काढणाराही मोजला जातो; पुस्तक घरी नेऊन रात्रभर वाचणारा मात्र दुसऱ्या दिवशी गैरहजर.

नॅकची समिती येऊन गेली की पेन हरवतं. नव्या पेनाची मागणी तीन प्रतींत करायची असते.