लहान युद्धनौकेचा वेग आणि वजन : शास्त्रोक्त जुळणी

'ईव्ह ऑनलाइन' या २००३पासून चालू असलेल्या, अवकाशात घडणाऱ्या आइसलँडी संगणक-खेळात फ्रिगेट ही लहान युद्धनौका मानली जाते. तिचे वस्तुमान साधारण १० लाख किलो असते आणि खेळाडू तिला हलकी म्हणतात. इंजिन बंद केले की ती थांबते. न्यूटनच्या नियमाने ती पुढे जात राहायला हवी. परंतु या खेळातील अवकाश काकवीने भरलेले असून नियम करताना न्यूटनला विचारलेले नाही.

१. उद्देश ठरवणे. नौका पळण्यासाठी आहे की पकडण्यासाठी, हे आधी ठरवावे. दोन्हींसाठी बांधलेल्या नौकेला 'संतुलित' म्हणतात. ती पकडायला जाते तेव्हा मागे पडते, पळायला जाते तेव्हा सापडते.

२. पळणे. वॉर्पमध्ये, म्हणजे दूरच्या अतिवेगवान प्रवासात, शिरण्यापूर्वी नौकेने इच्छित दिशेला कमाल वेगाच्या ७५ टक्के वेग गाठावा लागतो. त्यास लागणारा वेळ वस्तुमान आणि जडत्वाचा गुणक यांवर ठरतो. कमाल वेग किती, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे पळण्यासाठी वेग वाढवणारा नवशिक्या अधिक वेगवान होतो, पण निघतो पूर्वीइतक्याच उशिरा. सर्व्हर सेकंदासेकंदाने हिशेब करतो. त्यामुळे १.९९ सेकंदांची नौका २ सेकंदांत निसटते, २.०१ सेकंदांची नौका ३ सेकंद थांबते, आणि तेवढ्यात शत्रूचे काम होते.

३. पकडणे. यासाठी मायक्रोवॉर्पड्राइव्ह हा वेगवर्धक बसवावा. चालू असताना तो ५ लाख किलोंची भर घालतो. चालकाची कौशल्ये न धरता, १० लाखांची नौका १५ लाखांची होऊन सहापट वेगाने धावते. तिच्यावर आधीच ५ लाखांचे चिलखत असेल तर वेग पावणेपाच पटच होतो. मूळ प्रकारात नौकेची सिग्नेचर, म्हणजे शत्रूच्या तोफांना दिसणारा तिचा आकार, हीही सहापट फुगते, म्हणजे मोठ्या तोफांनाही नेम धरणे सोपे जाते. शत्रूने स्क्रॅम्बलर हे रोखयंत्र लावले तर हा ड्राइव्ह बंद पडतो. आफ्टरबर्नर हा साधा वेगवर्धक मात्र बंद पडत नाही. तो हळू चालतो, पण चालतो.

४. संरक्षण. आर्मर प्लेट, म्हणजे चिलखत, वजन वाढवते. शील्ड एक्स्टेंडर वजन वाढवत नाही, सिग्नेचर वाढवतो. नॅनोफायबर हा भाग बसवल्याने वेग आणि चपळाई वाढते, सांगाडा मात्र कमकुवत होतो. मार सांगाड्यापर्यंत पोचला म्हणजे लढाई बहुधा हरलेलीच असते, म्हणून हा सौदा परवडतो.

५. तपासणी. नौका स्थानकाबाहेर काढण्यापूर्वी तिची किंमत खिशाला झेपते का, हे पाहावे. झेपत नसेल तर वेग, वजन आणि सिग्नेचर यांचे गणित बरोबर असूनही जुळणी चुकलेली समजावी.